गळलेली ओळ

लायब्रीत माणसं कशाला येतात, हे मला कोणी विचारू नये. विचारलं की मी चिडतो. आमच्या अमरावतीची लायब्री म्हणजे कापसाच्या एका शेटजींच्या दुकानावरची माडी. अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना असा काही भाव आला की शेटजींना पैसा कुठे घालावा ते सुचेना. मग त्यांनी माडी झाडून घेतली, दोन कपाटं आणली, मुंबईचं वर्तमानपत्र लावलं आणि लायब्री काढली. स्वतः ते वर कधी चढले नाहीत. गुडघे दुखतात म्हणे.

वर येणाऱ्यांत पुस्तकासाठी येणारा विरळाच. दलाल यायचे ते लिवरपूलच्या पेठेतला कापसाचा भाव ऐकायला, आणि तो ऐकला की लगेच चपला शोधायचे. एक म्हातारे देशमुख यायचे ते सुनेच्या तोंडाला कंटाळून. आणि मी, किसनराव, अडत्याकडे कापूस तोलून घेणारा कारकून. दिवसभर मला 'ऊठ' म्हणणारे छप्पन्न. तिथे बसलो तर कोणी ऊठ म्हणत नसे, म्हणून मी जायचो. खोटं कशाला बोलू, मला त्या जागेचा लळा लागला होता. जुन्या कागदांचा वास आला की दिवसभर नाकात गेलेल्या कापसाचं काही वाटेनासं व्हायचं. अकोल्याचीही लायब्री मला आवडायची. तिथे कपाटांना काचा होत्या, आणि आगगाडी तिकडे आधी पोचल्यामुळे वर्तमानपत्र ताजं मिळायचं. पण आपली ती आपली.

आणि नत्थुजी माळी यायचा. तो कशाला यायचा, ते सांगायला बसलोय.

नत्थुजी भातकुलीचा. तिकडच्या खाऱ्या पाण्याच्या मुलखात याच्या मळ्यात तेवढी गोड्या पाण्याची विहीर, त्यावर झेंडू आणि शेवंती. शनिवारी टोपली डोक्यावर घेऊन चालत अमरावतीला यायचा, अंबादेवीपुढे फुलं विकायचा आणि सांजेला लायब्रीत येऊन दाराजवळ सतरंजीच्या कडेला बसायचा. अक्षराची ओळख नाही. पण शनिवारी आमचे भगवंतराव पंतोजी, म्हणजे शाळेत सकाळी पोरं बडवणारे तेच, सगळ्यांसाठी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचे. नत्थुजी टोपलीतलं एक राखून ठेवलेलं फूल त्या कागदावर वाहायचा, हात जोडायचा आणि मगच ऐकायला बसायचा.

पंतोजी पहिल्यांदा वैतागले. "अहो नत्थुजी, ही पोथी नव्हे."

"तुमी वाचता, आमी आयकतो. मंग पोथीच झाली न."

पुढे पंतोजींनीच नाद सोडला. आमच्या लायब्रीतल्या प्रत्येक अंकावर झेंडूचा पिवळा डाग असायचा, तो यामुळे.

नत्थुजीला एकुलता एक मुलगा, गोवर्धन. तो कापसाच्या गाड्यांबरोबर रेल्वेच्या टोकापर्यंत गेला आणि तिथून परस्पर मुंबईकडच्या घाटात, बोगदे खोदायच्या कामावर. अंजनगावच्या एका गाडीवानानं त्याला तिकडे जाताना पाहिलं, एवढीच खबर. त्यानंतर काही नाही. नत्थुजीनं आपल्या मनाशी हिशेब मांडला होता, आणि एकदा मला सांगितलाही. "किसनराव, सात समुद्रापल्याडच्या कापसाचा भाव या कागदात येते. घाट तं अलीकडंच हाये. मंग आमच्या गोवर्धनची खबर कवातरी येनारच न?"

ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण ती कोणावर काढावी तेच कळेना.

एका शनिवारी घाटाची खबर आली. मजुरांच्या झोपड्यांत पटकीनं कहर केला, पुष्कळ माणसं दगावली, उरलेली वाट फुटेल तिकडे पांगली. पंतोजींनी वाचलं तेव्हा गोवर्धन तिथेच आहे हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही. वाचून झाल्यावर त्यांची नजर दाराकडे गेली आणि त्यांनी कागद खाली ठेवला.

नत्थुजी म्हणाला, "नावं वाचा."

"नावं दिलेली नाहीत, नत्थुजी."

"पोथीत तं लढाईतल्या घोड्याचंबी नाव असते, पंतोजी. मानसाईचं नाई?"

पंतोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाकडे पाहिलं. मग पंतोजींनी कागद पुन्हा उचलला, घसा खाकरला आणि वाचलं, "जे वाचले त्यांत वऱ्हाडातील भातकुली गावचा गोवर्धन माळी असून तो सुखरूप आहे."

मी त्यांच्या मागेच बसलो होतो. त्या जागी सरकीचा भाव छापलेला होता. दुसरं काही नव्हतं.

नत्थुजीचा जीव भांड्यात पडला. टोपलीतली होती नव्हती ती सगळी फुलं त्यानं कागदापुढे ओतली आणि अंधार पडत आला होता तरी तसाच गावाकडे निघून गेला. तो गेल्यावर मी पंतोजींना नाही नाही ते बोललो. ते म्हणाले, "किसनराव, तुम्ही काय वाचलं असतं?" गोवर्धन मेला की जगला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ज्या कागदाला विचारत होतो, त्याला तर मुळीच नाही.

पुढच्या शनिवारी नत्थुजी हजर. घरी त्याची बायको मनकर्णाबाई त्याला धारेवर धरत होती. पोरगा अंगानं कसा आहे, कुठे राहतो, घरी कधी येतो, हे सगळं लिहिलेलं असणार, तुम्हीच धड ऐकलं नाही, असं तिचं म्हणणं. "तं पंतोजी, तेच पोथी अजून एकदा लावा." त्याचं काय चुकलं? श्रावणात एकच पोथी दरवर्षी लावतात, आणि दरवर्षी ती तेच सांगते.

पंतोजींना घाम फुटला. पुन्हा वाचायचं, तर शब्दाला शब्द तेच यायला हवं. ते म्हणाले, तो अंक एका सभासदानं घरी नेलाय. पुढच्या शनिवारीही हेच सांगितलं, त्याच्या पुढच्याही. अंक कपाटात तळाशी, किल्ली पंतोजींच्या जानव्याला.

शेवटी नत्थुजीनंच वाट काढली. "अकोल्याच्या लायब्रीत बी हाच कागद येते म्हनता न? मंग तिथं वाचून घेतो. पोथी कुठंबी लावा, गोठ तं तेच."

मला तेव्हा कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला जायचं होतं. त्यानं माझ्याच गाडीत जागा मागितली. मी वाटेचे खड्डे सांगितले, बैल थकलेत म्हणालो, नाही नाही ती कारणं काढली. तो म्हणाला, "पायी येतो, तुमच्या गाडीमांगं." मग घेतलं बसवून. सबंध वाटेत तो पळसाच्या पानात बांधलेल्या शेवंतीवर पाणी शिंपडत होता आणि गोवर्धन लहानपणी विहिरीत कसा पडला होता ते सांगत होता. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडायचो, आणि बैलांना हाकारायचो.

अकोल्याच्या लायब्रीत वाचून दाखवणारा एक तरुण होता. भला मुलगा. मला त्याचाच राग येतो. उर्मट असता तर नत्थुजीला म्हणता आलं असतं, चला, हा मेला आपल्याला धूप घालत नाही. पण त्यानं फूल वाहू दिलं, आपल्या हातानं तो अंक शोधून काढला आणि घाटाची खबर सावकाश, स्पष्ट वाचली. पांगली, इथपर्यंत आला आणि थांबला.

"पुढं?" नत्थुजी म्हणाला.

"पुढे सरकीचा भाव आहे, बाबा."

"त्याच्या अंदर असन. भातकुलीचा गोवर्धन. नीट पाहा न."

त्यानं नीट पाहिलं. पुन्हा वाचलं. पान उलटलं, मागचंही वाचलं, कडेच्या जाहिरातीसुद्धा वाचल्या. नाव कुठून येणार होतं? मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

बाहेर आलो. नत्थुजी पायरीवर बसला. रिकामं पळसपान हातात चुरत राहिला. मला वाटलं, आता याला कळलं. आता हा विचारील आणि मला सांगावं लागेल.

तो म्हणाला, "गळली."

"काय गळलं?"

"ओळ. अंजनगावच्या भटजीच्या पोथीत एक ओवी नाई, आमच्या गावच्या पोथीत थे हाये. लिहिनारा मानूसच हाये, किसनराव. डुलकी लागते, ओळ गळते. आमच्या गोवर्धनचीच गळावी, नशीब हाये."

मी म्हणालो, "नत्थुजी, हे हातानं लिहिलेलं नसतं. छापलेलं असतं. एकाच ठशातून सगळे कागद निघतात."

"मंग?" त्यानं वर पाहिलं.

ते तोंड मी अजून विसरलो नाही. उत्तर माझ्या जिभेवर होतं. सगळे कागद सारखे असतात, म्हणून इथे नाही ते तिथेही नाही. एवढंच बोलायचं होतं. माझ्यानं ते बोलवेना.

"मग काही नाही," मी म्हणालो. "ठसाही एखाद्या वेळी हलत असेल."

परतल्यावरच्या शनिवारी नत्थुजी लायब्रीत आला तो मनकर्णाबाईला घेऊन. त्या जिन्यानं तोवर एकही बाई वर आली नव्हती. दलालांनी एकमेकांकडे पाहिलं. ती दाराच्या आत, भिंतीला लागून उभी राहिली, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. नत्थुजी आपल्या जागी बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पंतोजी, अकोल्याच्या कागदात आमच्या पोराची ओळ गळली हाये. तुमी चिठ्ठी लिहून कळवा त्याईले. आन आपला कागद आला असन, तं हिले एकदा आयकू द्या. हे माह्यं आयकत नाई."

पंतोजींनी जानव्याची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि तळातून तो अंक बाहेर घेतला. आता पळायला जागाच नव्हती. कागद त्यांनी तोंडासमोर धरला. नत्थुजी खाली बसलेला, त्याला कागदाची पाठ दिसत होती. मनकर्णाबाई बाजूला उभी होती. तिला पंतोजींचं तोंड दिसत होतं, आणि पंतोजींचे डोळे मिटलेले होते.

त्यांनी वाचलं. पटकी, झोपड्या, पांगलेली माणसं. मग गोवर्धन, भातकुली, सुखरूप. शब्दाला शब्द तेच आलं. बिचाऱ्यानं घोकून ठेवलं होतं.

मी मनकर्णाबाईकडे पाहत होतो. मिटल्या डोळ्यांनी कोणाला वाचता येत नाही, हे कळायला अक्षरं कशाला यावी लागतात? तिला कळलं होतं. ती आता ओरडेल, आम्हा सगळ्यांच्या तोंडावर थुंकेल, आणि तिनं ते करावं, असं मला मनापासून वाटत होतं.

ती दोन पावलं पुढे आली. नत्थुजीच्या टोपलीतलं एक फूल तिनं उचललं आणि वाकून कागदापुढे ठेवलं.

"पंतोजी," ती म्हणाली, "थो पोटभर जेवते का, थेबी असन त्याच्यात. तेवढं वाचा."

पंतोजींनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, त्यांना तर आता खरंच काही दिसत नसेल. त्यांनी कागद पुन्हा वर धरला.

"दोन्ही वेळा जेवतो," त्यांनी वाचलं. "पोटभर जेवतो."

नत्थुजी तिच्याकडे वळला. "पाह्य. म्या तुले सांगतलं होतं न?"

"हो," मनकर्णाबाई म्हणाली. "आता शनिवारी मीबी येत जाईन."

म्हातारे देशमुख सरकले आणि त्यांनी तिला सतरंजीवर जागा करून दिली.