डेलियाच्या तळ्यातला भात

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा नेम आसावरीने लेस्टरमध्येही सोडला नव्हता. आता इथे न नांगरता उगवणारा देवभात कुठून आणणार? तिने सुपरमार्केटमधून काळ्या रानतांदळाचं पाकीट आणलं आणि वाटीभर भात शेजारच्या डेलियाला नेऊन दिला. डेलिया ब्याण्णव वर्षांची, अमेरिकेतल्या चिपेवा या आदिवासी जमातीची. मोज्यांच्या कारखान्यातल्या नॉर्मनशी लग्न करून आली आणि इथलीच झाली.

घास घेऊन ती म्हणाली, बैल नसेल, पण यावर ट्रॅक्टर नक्की फिरलाय. खरा तांदूळ तळ्यात आपोआप उगवतो. मग म्हातारी जी सुरू झाली, ती चहा गार झाला तरी थांबेना.

एकोणीसशे तीसची मोठी मंदी सरली असं जग म्हणत होतं. त्यांच्या तळ्याकाठी ती मुक्कामालाच होती. बापाचं लाकूडतोडीचं काम सुटलेलं, घरात खाणारी सहा तोंडं. उन्हाळा सरला की आई लांब काठीने होडी ढकलायची आणि सात वर्षांची डेलिया दोन हलक्या काठ्यांनी लोंब्या झोडायची. काय सुखाचे दिवस होते ते! अंगभर कुसं टोचायची, तीही गोड वाटायची. नियम एकच, हळू मारायचं. पिकलेला दाणा आपणहून पडतो. कोवळी लोंबी मोडली तर पुढच्या आठवड्याचं पीक हातचं जातं.

पण भात कमी पडला तर जमातीच्या पोरांना घरापासून तोडून सरकारी निवासी शाळेत धाडतात, असं डेलियाने मोठ्यांच्या बोलण्यात ऐकलं होतं. एका दुपारी आई काठावर दाणे भाजत असताना ती धाकट्या बहिणीला घेऊन निघाली आणि आपल्या वाट्याचा सगळा पट्टा दणादण झोडून काढला. निम्म्या लोंब्या मोडल्या. होडीत आला तो हिरवा भुसा. आईने पाहिलं आणि भुशातले चार दाणे वेचायला बसली.

फेब्रुवारीत डबे रिकामे झाले आणि शाळेची गाडी दारात येऊन तिला घेऊन गेली. आपल्याच करणीने आपण घराबाहेर पडलो, असं डेलिया सहा वर्षं धरून बसली. शाळेत तीन वेळा जेवण होतं. तिच्या घशाखाली उतरायचं नाही.

तेराव्या वर्षी परतल्यावर तिने आईला सगळं सांगून टाकलं. आई कढईतले दाणे परतायची थांबली.

"गाडी भात संपला म्हणून नव्हती आली, पोरी. ज्यांच्या घरी पोत्यांनी भात होता, त्यांचीही मुलं नेली."

डेलियाला रडू आलं नाही. भूक लागली. त्या दुपारी ती तीन वाडगे भात जेवली आणि आई वाढत राहिली.