सोनाआजीची सात घरं

किस्से उकिरड्यासारखे असतात राव! रोज टोपलीभर पडतात, कोणी ढुंकून बघत नाही, आणि एक दिवस मान वर करावी तर घराएवढा ढीग. कुरुळीतल्या म्हाताऱ्यांचे किस्से असेच साठलेत. आता वरून उपसायला घेतो. चांगलं खत तळाला असतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

तेव्हा कंपन्या नव्हत्या. चाकणपर्यंत नुसती बाजरी आणि कांदे. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झालेली. मी तालमीतल्या मातीत लोळणारा, चौथी दोनदा केलेला (दोन्ही वेळा चूक मास्तरांची!). मागंपुढं कोणी नसलेल्या म्हाताऱ्यांना गावानं वार लावून दिले होते. म्हणजे सोमवारी एका घरची भाकरी, मंगळवारी दुसऱ्या घरची. सात वार, सात घरं. ज्याचा वार त्यानंच म्हाताऱ्याचं पाणी भरायचं, सरपण टाकायचं, दुखलंखुपलं बघायचं. फॉर्म नाही, सही नाही, भाषण नाही.

यातली वस्ताद म्हणजे सोनाआजी. नवरा कधीच गेलेला, पोरबाळ नाही. घर दीड खणाचं, जीभ सात खणांची! अशात तालुक्याहून निरोप आला, की निराधार म्हाताऱ्यांना पुण्याच्या आश्रमात हलवणार, साहेब यादी करतायत. कुरुळीची दोन नावं होती. एक सोनाआजी, दुसरा दाजी पैलवान.

आजी म्हणाली, "मी या उंबऱ्यातनं निघंन ती आडवीच. साहेबाला म्हणावं, तवर जीप उभी करून ठेव!"

* * *

आजी जेवायची कमी, निकाल जास्त लावायची. सकाळी विहिरीवर सगळ्या बायांसमोर रिझल्ट जाहीर! "सोमवारच्या आमटीत डाळ व्हती गं. एकटीच पवत व्हती बिचारी."

पुढच्या सोमवारी आमटी अशी, की तिच्यात पळी उभी राहावी. सातही घरच्या बाया ईर्षेला पेटल्या. नवरे पाटावर बसायच्या आधी विचारायला लागले, "आज आपला वार हाय का गं?" नसला की मुकाट्यानं चटणी-भाकरी. आमच्या घरी गुरुवार होता. आमचा बाप बुधवारी रात्रीच कमरेचा करगोटा सैल करून ठेवायचा!

* * *

शुक्रवारचं घर माळकऱ्यांचं. एकदा एकादशी नेमकी शुक्रवारी आली. त्यांनी आजीला भगर आणि रताळं धाडलं. आजी ते ताट घेऊन, काठी टेकत, भर गावातनं मिरवत त्यांच्या दारात.

"उपास तुमचा, तर माझं पोट का राबवता? भाकरी टाका!"

घरधनी हात जोडून म्हणाला, "आजी, एकादशीला आमच्या चुलीवर भाकरी थापली तर पाप लागंल."

"मग त्येबी ताटात वाढ. माझ्याकडं जागा हाय!"

थापली हो! एकादशीला, माळकऱ्याच्या चुलीवर, बाजरीची. वर लसणाचा ठेचाही मागून घेतला.

* * *

बुधवार इस्माईलभाईनं स्वतः मागून घेतला होता. त्याचं चाकणात पत्र्याचं दुकान, बादल्या नि चाळण्या करायचा, राहायला मात्र आमच्यातच. यावरून एका शहाण्यानं आजीला हटकलं. नाव सांगत नाही, त्याचे नातू मला रोज भेटतात.

"आजी, इस्माईलच्या घरचं खाता? बाटाल की!"

आजी म्हणाली, "मी बाटले ती मागंच, तुझ्या बायकोच्या पिठल्यानं. आता मला कशाची भीती?"

शहाणा घरी गेला. त्यानं बायकोला काय सांगितलं, ते कळलं नाही. पण दोन दिवस त्याच्याच घरची चूल पेटली नाही!

* * *

आता दाजी. जवानीत भलेभले चीत केलेला गडी, म्हातारपणी गुडघे गेले. पण शनिवारचा चाकणचा बाजार चुकवायचा नाही म्हणजे नाही. मग आम्ही तालमीतले चौघं त्याला खाटेवर घालून खांद्यावर न्यायचो. ऊन लागायला लागलं, की दाजी तोंडावर पांढरं उपरणं ओढून घ्यायचा.

चौघांच्या खांद्यावर खाट, तोंडावर पांढरं कापड! नाणेकरवाडीच्या फाट्यावर लोकांनी टोप्या काढल्या. मी हळूच म्हणालो, "दाजी, हलू नका. लोकं काय बोलत्यात ते तरी ऐका."

दाजी निपचित. कोणी म्हणालं देवमाणूस गेला, कोणी म्हणालं असा पैलवान होणे नाही. उपरण्याखाली दाजी गालात हसतोय, ते मला दिसत होतं. तेवढ्यात एक म्हातारा पुढं आला नि म्हणाला, "गेला का? बरं झालं! आखाड्यात माझा उजवा खांदा उतरवला व्हता यानं."

दाजी ताडकन उठून बसला. "डावा आण!"

म्हातारा भूत समजून जो पळाला, त्याला बांध दिसेना नि काटा दिसेना! पळता पळता दाजी गेल्याची बातमी मात्र त्यानं तालुक्यापर्यंत पोचवली. कचेरीनं यादीतलं नाव खोडून पुढं 'मयत' लिहिलं. आम्ही म्हटलं, दुरुस्त करून आणू.

दाजी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. मेलेल्या माणसाला कोण पुण्याला न्हेतंय?"

* * *

राहिली सोनाआजी. एका मंगळवारी सकाळी जीप आलीच. साहेब तरणाबांड, कपड्यांना इस्त्री, बोलायला गोड. मी चाकातली हवा सोडायला वाकलो, तर पाठीत काठी बसली. आजी म्हणाली, "व्हय बाजूला! माझं मी बघते."

आणि गाठोडं घेऊन खुशाल जीपमध्ये बसली! आमची तोंडं उघडीच.

"येते की साहेब. पर सात घरांना सांगून येते. न सांगता निघायची आमच्यात रीत न्हाई."

साहेब भला माणूस. म्हणाले, "चला, जीपनंच जाऊ."

सोमवारच्या घरी सून दिवस भरलेली. ती रडायलाच लागली. "आजी, माझं बाळंतपण कोण करणार?" आजीनं पोटावर हात ठेवून सांगितलं, "आजून आठ दिस हायेत. रडू नगंस, त्याला ऐकू जातंय."

मंगळवारच्या घरी सासू-सून तीन महिने एकमेकींशी अबोला धरून. "आजी, हिला म्हणावं दळण संपलंय." "आजी, त्यांना म्हणावं मला डोळे हायेत." सगळा कारभार आजीमार्फत!

बुधवारच्या घरी इस्माईलभाईची शेळी. आजीशिवाय कोणाला कासेला हात लावू देत नव्हती. ती जीपसमोर आडवी उभी राहिली. साहेबांनी हॉर्न वाजवला, तर शेळीनं शिंगं रोखली.

गुरुवारच्या घरी आमचा बाप दारात, डोळ्यांत पाणी. "आजी, तुमी गेल्यावर गुरुवारी आमी काय खायाचं?"

असं करत सातही घरं झाली. प्रत्येक घरी साहेबांना गुळाचा चहा. सातव्या घरापाशी साहेबांनी पट्टा एक भोक सैल केला, पिशवीतनं फॉर्म काढला, पेनचं टोपण उघडलं आणि परत लावलं.

शेवटी म्हणाले, "आजी, या रकान्यात निराधाराचं नाव लिहायचं असतं."

आजी गाठोडं घेऊन जीपमधनं खाली उतरली.

"मग लिव्ह की! सातीबी घरांची लिव्ह. आन् बघ बाबा, तुझ्या गाडीत मावत्यात का."