जगन घरताचं इमान

बेलपाड्यात विमानाला कुणी विमान म्हणत नसे, इमान म्हणत. आणि इमान म्हटलं की ते जगन घरताचंच! बावन्न-त्रेपन्न सालातली गोष्ट. पनवेलच्या बाजारात नवी मोटार आली तरी लोक दुकानं टाकून बघायला धावायचे ते दिवस, आणि हा पठ्ठ्या घरच्या अंगणात इमान बांधायला बसला होता. याला खूळ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पण खूळ असलं तरी ते कच्चं नव्हतं. लढाईच्या वर्षांत जगन मुंबईला विमानं दुरुस्त करायच्या कामावर होता. तिथल्या एका पारशी वैमानिकाला हा मुलखाचा हौशी गडी आवडला आणि त्याने जगनला शेजारी बसवून विमान उडवायला शिकवलं. लढाई संपली तशी नोकरीही संपली. जगन गावी आला, पनवेलच्या भातगिरणीत इंजिनावर लागला, पण डोक्यातली घरघर काही थांबेना. शेवटी त्याने भंगारातून एक लहानसं इंजिन पैदा केलं, हलक्या लाकडाचा सांगाडा जोडला, नाकावरचा पंखा स्वतः तासला. कापड शिवलं बायकोने, हौसाने. शेजारणी विचारायच्या, नवऱ्याला सदरा शिवतेस का गो? ती म्हणायची, सदराच, फक्त बाह्या जरा लांब हायेत. तिचा टाका बारीक आणि एकसारखा, आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

सरकारी साहेब आला, सगळं ठोकून-वाजवून बघितलं आणि चाचणीपुरती परवानगी देऊन गेला. आता पळवायचं कुठे? गावाखालच्या मिठागराचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता. जगनने आगराच्या शेठला गळ घातली. शेठ म्हणाला, पौषातल्या उधाणापर्यंत वापर, त्या दिवशी आगरात पाणी घ्यायचं. वर हेही सांगितलं की आगर विकायला काढलंय, पुढच्या वर्षी मला विचारू नकोस. म्हणजे उडायचं तर याच थंडीत, नाहीतर इमान आयुष्यभर अंगणात कोंबड्यांना सावली देत बसणार. गावाने मनावर घेतलं. आतले छोटे बांध मोडले आणि मिठासाठी भुई तुडवतात तशी बायाबापड्यांनी गाणी म्हणत लांबच लांब पट्टी तुडवून दिली. त्या दिवसांत जगनचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

एकच माणूस गप्प होता, त्याचा बाप. काशीराम जन्मभर मिठाच्या मचव्यावर, म्हणजे शिडाच्या होडीवर, तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. आता म्हातारपणी मिठागराची उघाडी सांभाळायचा. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. वर उचललं की भरतीचं पाणी आगरात येतं. इमानाबद्दल म्हाताऱ्याने चांगलं-वाईट काही म्हटलं नाही. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस तो. त्याच्या गप्प बसण्यावरूनच जगनने काय ते ओळखायला हवं होतं.

पहिल्या चाचणीला सगळं गाव बांधावर. नारळ फुटला, इंजिनाने असा आवाज काढला की बगळे पार पलीकडच्या काठाला गेले. इमान सुटलं. पळालं, पळालं, आणि पट्टी संपेपर्यंत पळतच राहिलं. शेपूट जमिनीवरून उचलेच ना! शेपूट उचललं नाही तर वेग येत नाही, आणि वेगाशिवाय कसलं उडणं! जगनने इंजिन खोललं, साफ केलं, पंखा पुन्हा तासला. दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेला तेच. लोक म्हणायला लागले, हे इमान नाय, नांगर हाय. तोंडावर हसत होते ते, पण त्यांनाही वाईट वाटत होतं. जगनचं तर अन्नावरून मनच उडालं.

उद्या उधाण, आणि आज जगन इमानाशेजारी तोंड पाडून बसलेला. हौसाला राहवेना. ती कापडावरून हात फिरवत फिरवत शेपटाच्या पोटाशी आली आणि थांबली.

"हा टाका माजा नाय," ती म्हणाली.

लांब, जाडा, आडवा-उभा टाका. शीड फाटलं की तांडेल घालतात तसा. तिने विळीने तो उसवला आणि आतून निघाली मिठाची गोणी! चांगली दाबून चपटी केलेली, सांगाड्याला सुतळीने बांधलेली. जगनने कपाळाला हात लावला. मग तो तडक उघाडीवर गेला. रागाने नुसता लाल झाला होता, आणि का होऊ नये? गावासमोर हसं झालं होतं त्याचं.

बापाने नाकारलं नाही. साहेब बघून गेल्यावर आपणच गोणी ठेवली म्हणाला.

"रिकामा मचवा वाऱ्यात कलंडतो, जगन. माजा सख्खा भाव तसाच बुडून गेला, माज्या डोल्यांदेखत. बुडाशी वजन पायजे."

जगनचा राग तिथेच विरघळला. बापाचा हात धरून तो बांधावर बसला आणि सांगत राहिला, की पाण्यातल्या होडीला खाली वजन लागतं, पण इमानाच्या शेपटात टाकलेलं वजनच त्याला पाडतं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. त्याला ते कितपत पटलं देव जाणे, पण त्याने एवढंच विचारलं, उद्या वारा कसा पायजे? जगन म्हणाला, समोरून. त्यावर काशीरामने मान हलवली. जन्मभर पाठीवर वारा घेतलेला माणूस, त्याला ही तऱ्हा उलटीच वाटली.

दुसऱ्या दिवशी नेमका वारा सकाळभर आडवा. सगळ्यांचा जीव टांगणीला. भरती चढत चढत उघाडीशी आली आणि मग कुठे वारा वळला. जगनने इंजिन मारलं. इमान पळालं, शेपूट अलगद वर आलं, चाकं सुटली, आणि अहो, ते गेलं की वर! बांधावर एकच कल्ला झाला. हौसा हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही कळत नव्हतं. ठरलं होतं नारळाच्या उंचीवर जाऊन उतरायचं. पण इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हाताशी आलेलं, तो कशाला उतरतोय! एक फेरी झाली, दोन झाल्या, तिसऱ्या खेपेला तो थेट पनवेलच्या बंदरापर्यंत जाऊन आला.

इकडे शेठचे दिवाणजी धोतर सावरत आले. उधाण लागलंय, दार उचल म्हणाले. आजची भरती चुकली तर पंधरवडा वाया जाणार. काशीराम जाऊन उघाडीच्या दारावर बसला, मांडी घालून. दिवाणजी ओरडले, नोकरी जाईल म्हणाले. म्हातारा खाडीकडे पाठ करून वर बघत राहिला. दार पाण्याने करकरत होतं.

"पोर वर हाय," तो म्हणाला. "त्याला टेकायला भुई पायजे. तो उतरंल, मंग पानी."

इमानाने आगरावरून आणखी एक फेरी मारली, मग खाली आलं, एकदा टुणकन उडालं, पुन्हा टेकलं आणि पट्टीच्या टोकाला उभं राहिलं. माणसांनी जगनला उचलूनच घेतलं. इमान ढकलत ढकलत बांधावर चढवलं. जो तो विचारतोय, वरून काय दिसलं रं? पनवेल दिसलं? कर्नाळा दिसला?  गर्दीतून वाट काढत जगन उघाडीपाशी आला.

"काय दिसलं?" आता बापानेही विचारलं.

"तू दिसलास, बा," जगन म्हणाला. "दारावर बसलेला. म्हटलं, आता पाणी सुटत नाय. म्हणून तर मी आणखी एक फेरी मारली."

काशीरामने डोळे पुसले, धोतर झटकलं आणि उठला.

"मंग आता सोडू पानी?" त्याने विचारलं, आणि बापलेकांनी मिळून दार उचललं.