ओट्यावर ठेवलेलं सामान

समुद्राकाठी राहायला गेलो असं मी सगळ्यांना सांगायची, पण खरं म्हणजे ती खाडी. पेणकडच्या त्या गावात दिवसातून दोनदा पाणी येतं, बाकी वेळ नुसता चिखल आणि त्यावर चालणारे बगळे. रोह्याच्या फ्लॅटमधलं सामान घेऊन निघालो तेव्हा टेम्पोवाला वाटेत गडब गावाला चहाला थांबला आणि म्हणाला, "ताई, मी ते घर बघितलंय. एवढं सगळं मावणार कुठे तिथे?" मी म्हटलं, "मावायला नाही आणलं. कमी करायला आणलंय." तो माझ्याकडे बघतच राहिला.  हे टेम्पोत मागे आमच्याच खुर्चीवर बसून कपाटाला हात लावून होते, ते कपाट कुठे पळून जाणार असल्यासारखं.

माझी सगळी नोकरी रोह्याच्या एका कंपनीत पॅकिंगला गेली. फळ्यावर टार्गेट, फळ्यावर हिशेब, संध्याकाळी साहेबाची नजर फळ्यावर. ती खोड मेल्याशिवाय जायची नाही. नव्या घरात फळा नव्हता, म्हणून स्वयंपाकघराच्या दाराची आतली बाजू घेतली. पहिल्याच पाडव्याला खडूने वर्षाचं लिहून काढलं. सामान निम्मं करायचं. टीव्ही बंद. भाजी परसातली. रोज संध्याकाळी बांधावर फेरी. आणि सगळ्यात खाली, ह्यांना दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरात: ह्यांनी मला वर्षभर ओळखायचं.

कारण आम्ही तिथे हवापालटाला गेलो नव्हतो. पेणच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, विसरणं वाढत जाणार. औषधाने फार तर वेग कमी होईल. घरात गोष्टी कमी ठेवा, रोजचा क्रम एकच ठेवा, गोंधळ जेवढा कमी तेवढं त्यांना सोपं. मी घरी येऊन रडले वगैरे नाही. मला राग आला. माझ्या नवऱ्याला कुणीतरी माझ्या डोळ्यांदेखत थोडं थोडं करून घेऊन जाणार आणि मी बघत बसणार होय? म्हटलं, बघू कोण नेतंय ते.

रोज सकाळी चहा देताना मी विचारायची, "मी कोण?"

"तू ना? सुपरवायझर," असं हे म्हणायचे. कधी "माझ्या डोक्याचा ताप." एकदा बराच वेळ कपात बघून म्हणाले, "तूच आहेस ना गं?" तेही मी चालवून घेतलं. दारावर रेघ मारली.

सामानाचं मी असं ठरवलं होतं: रविवारी संध्याकाळी एकेक वस्तू बाहेर ओट्यावर ठेवायची. ज्याला हवी त्याने न्यावी. शेजारच्या बायकांना तसं सांगून ठेवलं. सोमवारी सकाळी ओटा रिकामा असायचा. मला भारी बरं वाटायचं. स्टीलचे डबे गेले, जादा ताटं गेली, खुर्ची गेली. कोणी नेलं हे मी विचारलं नाही. एकदा दिलं की दिलं, त्याची चौकशी करणं बरं दिसत नाही.

पुढेपुढे जरा नवल वाटायला लागलं. बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ मी भंगारात घालायचं म्हणून ओट्यावर ठेवलं, तेही गेलं. दाराशी टाकायचं फाटकं पायपुसणं गेलं. कधीच उलटून गेलेल्या वर्षाचं कॅलेंडर रद्दीच्या वर पडलं होतं, रद्दी तिथेच आणि कॅलेंडर गायब. असलं कोण नेतं? पण मी म्हटलं, गरज कुणाला कशाची असेल सांगता येत नाही, आणि दारावर रेघ मारून मोकळी झाले.

दुसऱ्या पाडव्याला यादीत एक नवीन घातलं: ह्यांना एक काम, त्यांचं स्वतःचं. आळीच्या टोकाला एक बंद घर होतं. तिथलं कुटुंब पिढ्यान्पिढ्या गावचं, पण दोन्ही मुलगे आखातात कामाला, मग आईबापही तिकडेच गेले. आमच्याकडे अशा घरांची किल्ली शेजारी ठेवतात. अधूनमधून कोणीतरी जाऊन दारंखिडक्या उघडायच्या, केर काढायचा, घराला वारा द्यायचा आणि पुन्हा कुलूप लावायचं. नाहीतर खारी हवा घर खाऊन टाकते. आम्ही राहायला आलो त्याच महिन्यात त्या घरच्या भाभीने जाताना किल्ली माझ्या हातात दिली होती. तोवर ती आमच्या दारामागच्या खिळ्याला असायची, आता मी ती ह्यांच्या गळ्यात गोफात घालून दिली. रोज जेवण झालं की हे निघायचे, उन्हं कलली की परत यायचे. एवढा वेळ काय करता विचारलं तर म्हणायचे, "वारा देतो." चेहरा समाधानी असायचा. मला वाटलं, चला, हे तरी जमलं.

सकाळची उत्तरं मात्र कमी व्हायला लागली होती. मी कोण विचारलं की आधी हसायचे, मग नुसते बघायचे, आणि त्या पावसाळ्यानंतर एका सकाळी मला म्हणाले, "बाई, चहात साखर कमी आहे." मला बाई. मी साखर घातली. खडू हातात घेतला आणि दारापुढे उभी राहिले. रेघ मारावी की नाही कळेना.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी परसात भेंडी तोडत होते. ओहोटी होती. अशा दुपारी गावात चिटपाखरू नसतं, खाजणातल्या खाऱ्या चिखलावरचा वारासुद्धा पडलेला असतो. आणि मला कुकरची शिट्टी ऐकू आली.

शिट्ट्या काय, घरोघरी होतात. पण ही माझी होती. माझ्या रोह्याच्या कुकरची शिट्टी एकदा खाली पडून चेपली होती, तेव्हापासून ती आधी खाकरायची आणि मग वाजायची, घसा बसलेल्या माणसासारखी. तो कुकर मी कधीच ओट्यावर ठेवून दिला होता. मी भेंडीची परडी खाली ठेवली. पुन्हा खाकरली, पुन्हा वाजली. आळीच्या टोकाकडून.

शेजारीण कुंपणाशी आली. "बाय, त्या बंद घरात कोन आयलंय गो? चार दिस झालं, रोज दुपारची शिट्टी होते."

"तुम्ही नेला ना माझा कुकर?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "तुमच्या ओट्यावरच्या वस्तूला आमी कुनी हात नाय लावला. भांडंकुंडं घेनार होतो आमी. पन सकाळी बघावं तर काय नसायचंच."

ऊन डोक्यावर होतं. चप्पल न घालताच मी त्या घराकडे निघाले. वाटेवरची दोन घरंही बंदच, त्यांच्या खिडक्यांवर फळ्या मारलेल्या. मला तोवर कधी त्या वाटेची भीती वाटली नव्हती.

दार नुसतं लोटलेलं होतं. पाय आत टाकला तो पायपुसण्यावर पडला. माझ्या पायपुसण्यावर. आत अंधार होता, बाहेरच्या उन्हातून गेल्यावर काही दिसेना, पण माझा हात आपोआप डावीकडे गेला आणि तिथे असलेल्या शेल्फावरच्या काडेपेटीवर पडला. रोह्याला काडेपेटी तिथेच असायची. मग हळूहळू दिसायला लागलं. समोर घड्याळ, बंद, रोह्याच्या भिंतीवर होतं त्याच उंचीवर. त्याच्याखाली ते जुनं कॅलेंडर. डब्यांची उतरंड मोठ्यापासून लहानापर्यंत, मी लावायची तशी. खुंटीला माझी कंपनीची निळी साडी. ती साडी मी ओट्यावर ठेवली नव्हती, ट्रंकेत तळाशी ठेवली होती. त्या घरच्या लोकांचं सामान कोपऱ्यात नीट चादरीखाली झाकून ठेवलेलं, आणि उरलेल्या सगळ्या जागेत आमचा फ्लॅट उभा होता. मी त्यातून घालवलेला तुकडा न् तुकडा जागच्या जागी.

खुर्चीवर हे बसले होते, दाराकडे तोंड करून.

"या," हे म्हणाले. "बसा. आमची मंडळी फर्स्ट शिफ्टला आहे. येईलच एवढ्यात."

मला वाटतं मी बसले. भाभीच्या गॅसच्या शेगडीवर कुकर फुसफुसत होता. मी उठून गॅस बंद केला, वाफ गेल्यावर झाकण काढलं. आत नुसतं पाणी उकळत होतं.

त्या दिवशी मी ह्यांना घरी आणलं. रात्रभर मी चिडत राहिले. एवढी मेहनत करून मी एक घर रिकामं करत होते आणि हे तेच घर पाठीवरून वाहून दुसरीकडे भरत होते, आणि मला पत्ता नाही. पण सकाळी ह्यांनी मला परत बाई म्हटलं, आणि माझी सगळी चीड एका जागी येऊन थांबली. इथे बाई. तिथे मंडळी, म्हणजे बायको. मग मी इथे काय करत बसले आहे?

दुपारी मी ती निळी साडी नेसले, खांद्याला डब्याची जुनी पिशवी लावली आणि फर्स्ट शिफ्ट सुटायच्या सुमाराला बंद घराची कडी वाजवली. ह्यांनी दार उघडलं. माझ्याकडे बघितलं. चेहरा असा उजळला की मला रडूच फुटलं.

"आलीस?" म्हणाले. "दमलीस का गं?"

मग तेच सुरू झालं. सकाळी आमच्या मोकळ्या, स्वच्छ, चार भांड्यांच्या घरात मी बाई असायची. दुपारी साडी नेसून आळीच्या टोकाला जायची आणि त्यांची बायको व्हायची. चहा व्हायचा, हे कंपनीतल्या कुणाकुणाची विचारपूस करायचे, त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. मी सगळ्यांची खुशाली सांगायची. आखातातल्या भाभीला मी फोनवर सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. पोरांना सुट्टी लागली की आम्ही येऊ, तोवर घर जागतं आहे ना." शेजारीण मात्र मला त्या साडीत जाताना बघून आत जायची. तिचंही बरोबर होतं. भर दुपारी कामावर नसलेल्या कंपनीतून घरी परतणारी बाई बघून मीसुद्धा दार लावलं असतं.

खरं सांगते, मलाही तिथे भीती वाटायची. कधीकधी हे बोलता बोलता माझ्या मागे बघायचे आणि तिथे कोणाला तरी मान डोलवायचे. एकदा मी चहाचे कप काढले तर म्हणाले, "अगं, आत्ताच तर दिलास." स्वयंपाकाच्या ओट्यावर उष्टा कप होता. त्यांनीच घेतला असेल. दुसरं कोण असणार?

मग एक दिवस खाडीला उधाण आलं. मी निळी साडी नेसूनच ह्यांची औषधं आणायला पेणला गेले होते. परतताना खाडीचं पाणी रस्त्यावर चढलं, रिक्षा अलीकडेच थांबली, आणि मी साडी खोचून गुडघाभर पाण्यातून चालत आले. शिफ्ट सुटायची वेळ कधीच टळली होती. केस विस्कटलेले, पाय चिखलाने भरलेले, तशीच मी त्या घरी गेले आणि कडी वाजवली.

ह्यांनी दार थोडंसंच उघडलं.

"कोण हवंय?"

"अहो, मी आले."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. त्यांच्या नजरेत काहीही नव्हतं. मग हळू आवाजात, आत कोणी झोपलंय आणि त्याची झोप मोडायला नको अशा बेताने म्हणाले, "आमची मंडळी आली मघाशीच. दमलीय, जरा पडलीय. तुम्ही उद्या या."

दार लागलं. आतून कडी बसली.

मी किती वेळ तशीच उभी होते माहीत नाही. मला राग आला नाही, हे सांगायला हवं. मला त्या आतल्या बाईचा हेवा वाटला. इतका हेवा मी जन्मात कुणाचा केला नव्हता. मग मी घराला वळसा घालून मागल्या दाराशी गेले. ते ह्यांनी लावलं नव्हतं.

मागच्या खोलीत खाटेवर कोणीतरी झोपलं होतं. भिंतीकडे तोंड, अंगावर डोक्यापर्यंत चादर, खाली निळ्या साडीचा काठ. मी अंगावर तशीच साडी नेसले होते, पण कंपनीच्या तशा माझ्या दोन होत्या, हे त्या क्षणी मला आठवेना.  मी चादरीचं टोक धरून ओढलं. आत लोड होता, साडीत नीट गुंडाळलेला, आणि त्याच्या डोक्याखाली उशी दिलेली.

मी तो लोड उचलला, खाटेखाली सरकवला आणि त्याच्या जागी पडले. चादर वर ओढून घेतली.

थोड्या वेळाने हे चहा घेऊन आले. खाटेच्या कडेला बसले, माझ्या कपाळावर हात ठेवला.

"उठलीस का गं?"

"हो."

"मघाशी एक बाई आली होती. भिजलेली होती बिचारी. आत यायला बघत होती."

"मग?"

"उद्या या म्हटलं."

"बरं केलंत," मी म्हणाले. "पण उद्या आली तर घ्या तिला आत."

ह्यांनी कप माझ्या हातात दिला.

"बघू," म्हणाले. "ओळख ना पाळख."