फ्लॅश तापलाय

नव्वदच्या दशकात नाशिक जिल्ह्यात जी लग्नं वेळेवर लागली नाहीत, त्यांचं खापर वऱ्हाडाच्या बसवर किंवा नवरदेवाच्या रुसव्यावर फोडण्यात काही अर्थ नाही. त्यांतली निम्मी तरी माझ्या थोरल्या साडूंमुळे लांबली. साडू हे नातं आधीच विनोदी. दोन परके पुरुष एकाच घरच्या मुली करतात आणि मग जन्मभर एकमेकांना मान देत बसतात. त्यात मी धाकटा, म्हणजे लग्नकार्यात त्यांचा हक्काचा हमाल. माझी बायको त्यांना ‘दाजी’ म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणायला लागलो, आणि हळूहळू सगळं गाव म्हणायला लागलं. नाशिकच्या द्वारका चौकात, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांच्या रांगेत, एका जिन्याखाली त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पण त्यांना फोटोग्राफर म्हणणं अर्धवट होईल. फोटो ते जाता जाता काढत. त्यांचा मुख्य उद्योग म्हणजे फ्लॅश थंड ठेवणं.

ज्यांनी जन्मात फक्त मोबाइलवर फोटो काढले त्यांना हे समजावून सांगायला हवं. त्या काळी कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश नावाची एक वेगळी डबी बसवलेली असे. बटण दाबलं की लख्ख उजेड पडायचा, मग डबीतून ‘कुंईऽऽ’ असा बारीक आवाज यायचा आणि ती पुढच्या उजेडाची तयारी करायची. मे महिन्यात, पत्र्याच्या मांडवात, एकामागून एक फोटो काढत राहिलं की ती डबी आणि तिच्या पोटातले सेल असे तापत की हातात धरवत नसत. दाजींनी आपला पहिला फ्लॅश एका हळदीच्या कार्यक्रमात जाळला. नवरीच्या मावश्या ‘अजून एक, अजून एक’ म्हणत राहिल्या आणि हे भिडस्तपणे काढत राहिले. शेवटी जळक्या प्लास्टिकचा वास सुटला आणि फ्लॅशची पुढची काच आतून तपकिरी झाली. तो फ्लॅश त्यांनी टाकला नाही. स्टुडिओत गणपतीच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगून ठेवला आणि त्यालाही रोज उदबत्ती ओवाळली. तेव्हापासून त्यांचा नियम झाला. थोडे फोटो झाले की द्वारकेच्या चौकातल्या हवालदारासारखा डावा हात वर करायचा आणि जाहीर करायचं, “थांबा. फ्लॅश तापलाय.”

मग जे जिथे असेल ते तिथे थांबे. घास भरवणाऱ्या नवरीचा हात नवऱ्याच्या तोंडापाशी थांबे. आहेर देणारे आत्याबाईंचे यजमान पाकीट पुढे धरून, चेहऱ्यावरचं हसू न सांडता उभे राहत. दाजी शांतपणे फ्लॅश उतरवत, त्याला पालथा हात लावून बघत, झाकण उघडून सेल काढत आणि एका स्टीलच्या ताटात एकमेकांना न चिकटता मांडून ठेवत. डबी माझ्याकडे यायची आणि फोटो पेपरच्या खोक्याचा एक पुठ्ठाही. त्या पुठ्ठ्याने वारा घालणं ही माझी साडू म्हणून नेमणूक. एकदा गंगापूर रोडच्या कार्यालयात ते सेलचं ताट कुणी घाईतल्या काकूंनी उचललं, त्यात निरांजन ठेवलं, सुपारी ठेवली आणि नवरदेवाला पेन्सिल सेलसकट ओवाळलं. नवरदेव इलेक्ट्रिकलचा इंजिनियर होता, त्याला वाटलं आपल्या शिक्षणाचा मान ठेवला.

थंडाव्यासाठी दाजींनी काय काय केलं असेल, याला सुमार नाही. नांदगावच्या एका लग्नात ऊन असं होतं की मांडवाची कनातसुद्धा हाताला चटका देत होती. दाजींची नजर पाण्याच्या माठावर गेली. माठाला ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं. त्यांनी बरोबर आणलेला जादाचा फ्लॅश सरळ त्या गोणपाटात खोचून ठेवला आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. ऐन ‘सावधान’ला त्यांनी तो गारेगार फ्लॅश काढून कॅमेऱ्यावर चढवला, बटण दाबलं आणि फ्लॅशने ‘चर्र’ असा एकच आवाज काढून मौन धरलं. अक्षता पडल्या, माळा पडल्या, बँड वाजला, आणि फोटो एकही नाही. दाजींनी डावा हात वर केला आणि ओरडले, “अक्षता पुन्हा टाका!”

नवरीचे मामा पुढे आले. “आवो दाजी, लगन काय दोनदा लावायचं हाय का?”

“लग्न लागलं, ते देवानं पाहिलं,” दाजी नेहमीचा कोरडा फ्लॅश चढवत म्हणाले. “पण अल्बम देव बघणार नाही. तुमचे पाहुणे बघणार.”

मामांना ते पटलं. “लय बराबर बोलला,” असं म्हणून त्यांनीच वाकून जमिनीवरच्या अक्षता गोळा केल्या. लोकांनी दुसऱ्यांदा अक्षता टाकल्या त्या पहिल्यापेक्षा जास्त उत्साहाने. गुरुजी मात्र रागावून पाठ फिरवून बसले, त्यामुळे त्या फोटोत गुरुजींची फक्त पाठ आहे. बाकी सगळे हसताहेत, ज्या काळी नवरीने खाली बघायचं असे त्या काळी नवरीसुद्धा. परतीच्या एस.टी.त दाजी तो ओला फ्लॅश रुमालाने पुसत होते. नाशिक जवळ आल्यावर म्हणाले, “साडूभाऊ, गार करणं वेगळं आणि ओलं करणं वेगळं.”

देवळाली कॅम्पातले तोफखान्याचे जवान घरी पाठवायला फोटो काढून घेत, ते दाजींकडेही येत. एकदा एका जवानाला सुट्टीवर निघायची घाई होती आणि यांचा फ्लॅश तापलेला. तो चुळबुळ करायला लागला तसं दाजींनी त्याला विचारलं, “आपकी तोप गरम होती है तो क्या करते हो?” तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, “रुक जाते हैं, साब.” झालं. त्यानंतर कुणी घाई केली की दाजी म्हणत, “अहो, देवळालीची तोफ थांबते, तुम्ही कोण?” हा नियम त्यांनी हळूहळू सगळ्या जगाला लावला. ओझरला जातानासुद्धा स्कूटर वाटेत सावलीला उभी करून ते इंजिनाला हात लावून बघत. चहा एवढा निववून पीत की त्यावर साय धरायची. एका लग्नात दोन व्याह्यांचं स्टेजवर मानपानावरून जुंपलं, तेव्हा दाजींनी दोघांना फोटोसाठी शेजारी उभं केलं आणि लगेच डावा हात वर केला. फोटोतून हलायचं कसं, म्हणून दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. फ्लॅश निवेपर्यंत त्यांची गाडी द्राक्षांच्या भावावर आली होती. फ्लॅश तेव्हा खरंच तापला होता का, हे मी कधी विचारलं नाही.

घरात मात्र या गोष्टीचं फारसं कौतुक नव्हतं. दाजींची बायको, म्हणजे आमच्या सगळ्यांची ताई, म्हणायची, “मला ताप आला तर हे थर्मामीटर शोधतात. त्या डबड्याला मात्र दहादा हात लावून बघतील.” ते पूर्ण खरं नव्हतं. एक अपवाद होता. त्यांची एकुलती एक लेक रूपाली शाळेतून उन्हातून आली की ते तिच्या गालालाही पालथा हात लावून बघत आणि म्हणत, “बस जरा. निवू दे.” ती लहानपणापासून स्टुडिओतच गृहपाठ करायची आणि कुंई किती लांबते त्यावरून फ्लॅश किती तापलाय ते सांगायची.

दाजींनी आयुष्यात लोकांच्या असंख्य मुली सासरी पाठवल्या. पाठवणीचा फोटो हा त्यांचा हातखंडा. रडणाऱ्या बापालाही ते सूचना देत, “काका, रडा, पण मान थोडी वर.” त्यांचे डोळे कधी ओले झालेले मी पाहिले नाहीत. नंतर जेवताना एवढंच म्हणत, “बाप लोक फार लवकर आटपतात हो. गाडीचं दार लावलं की मोकळे.” पण रूपालीचं शिक्षण संपलं आणि स्थळं येऊ लागली, तसा हा माणूस हबकला. नाशिक रोडचं स्थळ आलं तर ‘चांगलं आहे’, सिन्नरचं आलं तर ‘जरा लांब आहे’. आणि रूपालीने पसंत केला तो मुलगा नागपूरचा निघाला. दाजींनी विरोध केला नाही. भिंतीवरच्या नकाशात नागपूर कुठे आहे ते पाहिलं आणि चष्मा पुसत बसले. त्यानंतर कितीतरी दिवस ते मला एकच गोष्ट ऐकवायचे, “साडूभाऊ, तिच्या पाठवणीचा फोटो मला घेता यायला पाहिजे. बाकी काही बिघडलं तरी चालेल.”

लग्नात फोटो काढायला त्यांनी देवळाली कॅम्पातला आपला एक मित्र सांगितला होता. बापाला कन्यादान असतं, हे ताईने त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं. एव्हाना डिजिटल कॅमेरे आले होते. रोल संपायची भीती उरली नव्हती, म्हणून मित्र फटाफट उडवत सुटला. इकडे दाजींची ओंजळ जोडलेली, त्यातून पाण्याची धार पडतेय, गुरुजींचे मंत्र चाललेत, आणि दाजींचे कान मात्र मागे. अचानक मान वळवून ते ओरडले, “अहो, दमानं घ्या! कुंई लांबतेय त्याची!”

“यजमान, पाणी सांडतंय,” गुरुजी म्हणाले.

मुंडावळ्यांच्या आड रूपाली खुदकन हसली. पुढच्या मिनिटाला मित्राचा फ्लॅश खरोखरच बंद पडला. नवे फ्लॅश अति तापले की आपणहून काम थांबवतात. दाजींच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जणू जावयाने त्यांचेच पाय धुतले. गुरुजी त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होते. त्यांनी न सांगता पळी खाली ठेवली आणि तपकिरीची डबी काढली.

जेवणं झाली, उन्हं कलली. वऱ्हाडाला नाशिक रोडहून संध्याकाळची गाडी पकडायची होती. कार्यालयाच्या दारात फुलं लावलेली मोटार उभी राहिली. दाजी कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना नारळ देत फिरत होते. रूपालीने आईच्या गळ्यातून मान काढली, एक पाय गाडीत ठेवला, तेव्हा ते म्हणाले, “हा फोटो माझा. साडूभाऊ, फ्लॅश द्या.”

मी त्यांचा जुना फ्लॅश पिशवीतून काढून दिला. त्यांनी तो कॅमेऱ्यावर चढवला, डोळा लावला. फ्लॅश तयार असल्याचा बारीक लाल दिवा लागला. रूपाली त्यांच्याकडे बघत होती. आम्ही सगळे उजेडाची वाट बघत होतो. दाजी बराच वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी कॅमेरा खाली घेतला आणि डावा हात वर केला.

“थांबा. फ्लॅश तापलाय.”

आमच्याकडची माणसं सवयीने थांबली. ताई खुर्चीवर टेकली. दाजींनी फ्लॅश उतरवून माझ्या हातात दिला. मीही सवयीने पुठ्ठा काढला आणि डबीला पालथा हात लावून बघितला. फ्लॅश गार होता. सकाळपासून तो माझ्या पिशवीतच होता, एकदाही उडाला नव्हता. मी दाजींकडे पाहिलं. ते मोटारीच्या चाकाकडे बघत होते. या माणसाला मी इतकी वर्षं हसत आलो होतो, पण त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जी माया वाटली ती माझ्या सख्ख्या भावाबद्दलही कधी वाटली नसेल. मी गार फ्लॅशला वारा घालत राहिलो.

“चला न जी, गाडी सुटून जाईन,” नवरदेवाचे काका घड्याळ दाखवत म्हणाले.

रूपालीने गाडीतला पाय बाहेर काढला आणि शालू सावरत माझ्याजवळ आली. वडील लावत तसाच पालथा हात तिने फ्लॅशला लावला. क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि वळून सासरच्यांना म्हणाली, “खूपच तापलाय. थोडा वेळ लागेल.”

मग ती दाजींच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

“रेल्वेचा डबा ए.सी.चा आहे ना?” दाजींनी विचारलं.

“हो, पप्पा.”

“मग शाल वरच ठेव. बॅगेत नको.”

“वरच ठेवलीय.”

काकांनी दोनदा घसा खाकरला. शेवटी दाजींनीच माझ्या हातातून फ्लॅश घेतला आणि म्हणाले, “झाला गार. जा आता.” गाडी गेली. रेल्वे कशीबशी मिळाली, असं नंतर कळलं. पाठवणीचा फोटो कुणीच काढला नाही, त्या अल्बमचं शेवटचं पान तसंच कोरं आहे.

आता जिन्याखाली मोबाइलची कव्हरं मिळतात. दाजी घरीच असतात. तो फ्लॅश शोकेसमध्ये बाहुल्यांच्या शेजारी आहे, त्यात सेल घालून कितीतरी वर्षं झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत रूपाली मुलांना घेऊन येते. परत निघायच्या दिवशी रिक्षा दारात येते, सामान चढतं, आणि दाजी शोकेसपाशी जाऊन उगाच काहीतरी पुसत उभे राहतात. मग तीच दारातून विचारते, “पप्पा, फ्लॅश तापलाय का?”

ते फ्लॅशला पालथा हात लावून बघतात. “जरासा तापलाय,” म्हणतात.

आणि ती पायातली चप्पल काढून पुन्हा आत येऊन बसते.