कोरं कपाळ

निवृत्त झालो तरी काही प्रकरणं पाठ सोडत नाहीत. त्यातलं एक आठवलं की पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली ती बाई दिसते आणि त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

मी तेव्हा शिरूर अनंतपाळकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी एक तरुण शेतकरी मोठा भाऊ बेपत्ता असल्याची तक्रार घेऊन आला. भाऊ एका साथीदाराबरोबर विष्णुपुरीच्या जलाशयावर मासेमारीला जायचा, आठ-दहा दिवस तिकडेच राहायचा. या खेपेला त्याचा फोन लागेना. एवढं सांगून तो घुटमळला आणि पुढे वाकून म्हणाला, "साहेब, वैनीवर ध्यान ठिवा. दादा गेला त्याच दिशी तिनं कुंकू पुसलं, बांगड्या काढून ठिवल्या. नवरा जित्ता असताना आसं कोन करतंय? तिला आधीच ठाव व्हतं."

वहिनी बंगालची, मध्यस्थामार्फत लग्न होऊन आलेली. आमच्या भागात मुली मिळेनात म्हणून अशी लग्नं होतात, आणि काही विपरीत घडलं की पहिलं बोट त्याच बाईकडे जातं. गल्लीतल्या बायकांचे जबाब घेतले. सगळ्यांनी कुंकवाचंच सांगितलं.

तिला ठाण्यात बोलावलं. कपाळ कोरं, हात रिकामे, केसांचा गुंता. ती तुटक मराठीत म्हणाली, "ते पाण्यावर गेले म्हणून पुसलं. आमच्याकडं असंच करतात. आले की लावणार." मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, उत्तर बदललं नाही. खोटं बोलणारा दर खेपेला आपलं उत्तर थोडं सुधारून देतो, हा माझा अनुभव. तिने एक शब्द सुधारला नाही. तरी माझा संशय गेला नाही, कारण असला रिवाज मी बापजन्मात ऐकला नव्हता.

दुपारी आमच्या हवालदार बाईंना तिची दया आली. "माय, बस अशी. पार जटा झाल्यात केसाच्या," म्हणत त्यांनी तेलाची बाटली काढली आणि तिचे केस विंचरायला घेतले. ती मान आक्रसून हात आडवे घालत होती. बाईंना वाटलं, लाजून राहिली. वेणी घालून झाल्यावर ती भिंतीकडे तोंड करून रडत बसली.

दुसऱ्या दिवशी जलाशयात प्रेत मिळालं. डोक्याला मार होता. आता प्रकरण खुनाकडे झुकलं. मध्यस्थ किंवा तिच्या माहेरचं कुणी यात आहे का, हे तपासायला परवानगी काढून मी तिच्या गावी गेलो.

सुंदरबनच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून, खाडीच्या बांधावर वसलेलं ते गाव. पलीकडच्या काठावर वाघाचं जंगल, मधल्या पाण्यात मगरी. तिथल्या ठाण्याचा एक शिपाई दुभाषा म्हणून सोबत होता. बांधावरून चालताना जी ती बाई कोऱ्या कपाळाची दिसू लागली, तेव्हा मी त्याला विचारलं, "इतक्या विधवा?"

"नाही साहेब. यांचे नवरे मध काढायला जंगलात गेलेत. ते परत येईपर्यंत शेंदूर नाही, बांगड्या नाहीत, केसांना तेल-फणी नाही. बायको आधीच विधवा होऊन बसली, की मरणाला न्यायला काही उरत नाही."

मी तिथेच बांधावर बसलो.

तिची आई झोपडीत एकटीच होती. जावई गेल्याचं तिला फोनवर कळलं होतं. तो कसा गेला हे तिने विचारलंच नाही. तिला एकच जाणून घ्यायचं होतं. मुलीने नेम पाळला होता ना? शिपायाने मला समजावून सांगितलं, "नवरा परतला नाही तर इथे लोक बायकोलाच धरतात. म्हणतात, हिनं नेम मोडला, हिनंच त्याला खाल्लं."

माझ्या बॅगेत गल्लीतल्या बायकांचे जबाब होते, तिच्या मुलीला तुरुंगात धाडण्यासाठी गोळा केलेले. मी म्हणालो, "पाळला. अख्खी गल्ली साक्षीला आहे." शिपायाने ते बंगालीत सांगताच म्हातारीने माझे पाय धरले. वेणीचं मी काही बोललो नाही.

परत आल्यावर मयताच्या मासेमारीतल्या साथीदाराला पुन्हा बोलावलं. या खेपेला आपण त्याच्याबरोबर नव्हतो, गावी होतो, असं त्याने पहिल्या जबाबात सांगितलं होतं. कोणत्या गाडीने गेलास, गावात कुणी पाहिलं, कुणाकडे जेवलास, असं विचारत गेलो तसा तो कोलमडला. "पयल्याच दिशी सांजच्याला नाव कलंडली, साहेब. त्यो खडकावर आपटला. मला गावला न्हाई. लई भ्यालो, पळालो." शवविच्छेदनाचा अहवालही या सांगण्याशी जुळत होता. खून नव्हताच.

तिला बोलावून सगळं सांगितलं. दीर खाली मान घालून उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "ताईनी वेणी घातली, तेव्हा ते जिवंत होते का?"

प्रेत मिळाल्यापासून ती हाच प्रश्न उराशी धरून बसली होती. मी म्हणालो, "नाही. ते पहिल्याच दिवशी गेले. वेणी नंतरची."

तिने डोळे पुसले. हवालदार बाई दाराआड उभ्या होत्या. रिवाजाचं कळल्यापासून त्यांची झोप उडाली होती. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "ताईला सांगा. ती पण रडून राहिली."

पुढच्या नोकरीत कुणी 'आमच्याकडं असंच करतात' म्हटलं, की मी आधी ते नीट ऐकून घ्यायचो. त्या बाईने पहिल्याच दिवशी मला सगळं खरं सांगितलं होतं. 'आले की लावणार,' हे तिच्या जबाबातलं एकच वाक्य खरं ठरलं नाही.