मागच्या दाराची किल्ली

वडनेर भोलजीत अन्नपूर्णाबाईच्या घराची किल्ली एकवीस वर्षं शेजारच्या मनकर्णाबाईच्या चुलीजवळच्या खिळ्याला टांगलेली होती. अन्नपूर्णाबाई वावरात निघाली की किल्ली खिळ्याला, परतली की तिच्या हातात. मधल्या वेळात मनकर्णाबाईचा तोरा असा, की जसं तहसीलच त्या खिळ्याला लटकलंय. पण बाई तोंडाची पक्की. त्या घरातल्या दारूच्या बाटल्या, दोन मारामाऱ्या, माहेरी निघून गेलेली सून, सगळं तिनं पाहिलं आणि गिळलं.

दिवाळीत पुण्याहून अन्नपूर्णाबाईचा मुलगा गोपाल आला. आईच्या दारावर त्यानं कॅमेरा लावला आणि अंगठ्यानं उघडणारं कुलूप बसवलं. त्या कुलपाचीही एक किल्ली असते, ती तो पुण्याला घेऊन गेला. जाताना मनकर्णाबाईकडे आला आणि म्हणाला, मावशी, आता तुमाले तरास नाही. एकवीस वर्षांतला एकही तरास तिला आठवेना. खिळ्यावरच्या कडीत दोन किल्ल्या होत्या, पुढच्या दाराची आणि मागच्या दाराची. तिनं पुढची काढून दिली. मागची पिठाच्या डब्यात गेली.

कॅमेरा पाहायला गल्ली लोटली. कोणी म्हणालं, आता चोराची छाती होत नाही. बाया त्याच्यासमोरून जाताना पदर सावरू लागल्या. वायरिंग करणारा संघपाल एवढंच म्हणाला, की हे चित्र गोपालपाशी जाते हे खरं, पण आणखी कोणाकोणापाशी जाते हे कंपनीच जाणे. मनकर्णाबाईनं ते वाक्य उचललं आणि घरोघर नेलं.

"माह्या डोळ्याचा पासवर्ड तं कोणापाशी नाही ना बे?" ती विचारायची. लोक हसायचे. तिला हसायचं नव्हतं. त्या भिंतीवरच्या डोळ्यानं तिची आग आग होत होती.

एकदा विरजण आणायला ती नेहमीसारखी अंगणात शिरली, तर कॅमेऱ्यातून गोपाल बोलला, "मावशी, काय पाह्यजे?" ज्या घरात कधी विचारून पाय टाकला नाही, तिथं पुण्यातून पोरगं विचारतं. ती तशीच रिकामी वाटी घेऊन फिरली. मग गेलीच नाही.

माघात एका दुपारी अन्नपूर्णाबाई कापूस वेचून आली आणि दारात अडकली. बोंडांनी अंगठ्याच्या रेषाच खाऊन टाकल्या होत्या. कुलूप लाल दिवा दाखवे आणि टूं करे. पदराला पुसून लावला, थुंकी लावून लावला, डावा लावला. गोपालचा फोन लागेना. मनकर्णाबाई ओट्यावरून पाहत होती आणि खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं. विचार म्हणावं आता तुह्या यंत्राले. अर्ध्या तासानं अन्नपूर्णाबाई या पायावरून त्या पायावर होऊ लागली. आत मोरीत जायची घाई होती. तेव्हा मात्र मनकर्णाबाई उठली. पिठाच्या डब्यात हात घातला.

मागचं दार उघडलं. अन्नपूर्णाबाई आधी आत पळाली. बाहेर आल्यावर पिठानं माखलेल्या किल्लीकडे बघत राहिली.

"हे तुह्यापाशीच होती काय?"

तेवढ्यात समोरच्या दारावरचा कॅमेरा बोलला. आईचा आवाज आतून ऐकून गोपाल विचारत होता, कुलूप तर उघडलंच नाही, मग आई, तू आत कशी?

अन्नपूर्णाबाईनं ओठावर बोट ठेवलं. "मांगचं दार उघडंच राह्यलं होतं."

पोटच्या पोराशी माझ्यासाठी खोटं बोलली. मनकर्णाबाईला वाटलं, गल्लीभर सांगत सुटावं. पण गोपाल बिथरला होता. मागच्या दारालाही तसंच कुलूप उद्याच पाठवतो म्हणाला, आणि एक कॅमेरा.

"समोरचं दार तू पाह्य," अन्नपूर्णाबाई ठसक्यात म्हणाली. "मांगच्याले हात लावजो नको. ते माह्यं हाय."

तिनं किल्ली घेऊन पुसली आणि मनकर्णाबाईच्या मुठीत दाबली. मनकर्णाबाईनं ती घरी आणून खिळ्याला लावली. मग चुलीपुढे बसून सांजवेळेपर्यंत एकच गोष्ट घोळवत राहिली. माह्यं म्हणाली. आपलं म्हणाली असती तं तिचं काय गेलं असतं?